एकच लेन्स, दोन लेकी

लेकीच्या पदवीदानात पालकांना मागं बसवणार होते, म्हणून लांबचं टिपणारी लेन्स भाड्यानं घ्यायला मी कोल्हापुरातल्या एका दुकानात गेलो. तशी एकच उरली होती आणि गारगोटीहून आलेले एक धिप्पाड गृहस्थ तीच मागत होते. त्यांचीही लेक त्याच समारंभात होती. माझा चेहरा पडलेला बघून ते मोठ्यानं म्हणाले, "पावणं, लेन्स तुम्ही न्या. माझ्या पोरीचाबी फोटू काढा की! मला टाळ्या वाजवायच्या हायत."

समारंभात ते माझ्या पुढंच बसले. त्यांच्या लेकीचं नाव पुकारताच ते ताडकन उभे राहिले. फोटोत लेक स्वच्छ आली, पण कोपऱ्यात त्यांचा कान आणि खांदा धूसर उमटला. मी हळहळलो.

फोटो बघून ते खुशीत म्हणाले, "असू दे की! लेकीसंगं मीबी आलो."