स्वित्झर्लंडवरचा अपुरा प्रबंध

नोंद करून ठेवतो: रविवार, दिनांक २३ मार्च १९५८ रोजी, सिंदी (रेल्वे)पासून दोन कोसांवरच्या एका गावी, सरकारी विहिरीची जागा ठरवण्यासाठी ग्रामसभेत उघड हात मोजण्यात आले. माझी तक्रार त्या मोजणीबद्दल आहे. मोजणी चुकली नव्हती, म्हणूनच तक्रार.

त्या गावचा हरिदास माझा विद्यार्थी. सिंदीच्या शाळेत मी त्याला नागरिकशास्त्र शिकवले. शेतमजूर सीताबाईंचा तो एकुलता मुलगा. छप्पन साली मायलेकांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. तिथेच तो एम.ए.ला युरोपातील शासनव्यवस्था अभ्यासत होता. एका प्रश्नपत्रिकेऐवजी प्रबंध लिहिण्याची मुभा होती. त्याने विषय निवडला स्वित्झर्लंडमधील मतदारांच्या खुल्या सभा. तिथे काही प्रांतांत वर्षातून एकदा सारे पुरुष मैदानात जमतात आणि हात उंचावून कायदे करतात. कुठे कुठे मताच्या हक्काची खूण म्हणून कमरेला तलवारही असते. हरिदास हे असे सांगे, की जणू तो त्या गर्दीत उभा राहून आला आहे.

विहीर बौद्ध वस्तीत व्हावी, की सरपंच किसनराव पाटलांच्या संत्र्याच्या बागेलगत, असा प्रश्न होता. वस्तीतल्या बायका नाल्यातून पाणी आणत. मते वस्तीतल्या मजुरांचीच अधिक, त्यामुळे हरिदास निर्धास्त होता. मी पाहुणा म्हणून हजर होतो.

"काऊन हरिदास, मताची पेटी ठेवाची का?" किसनरावांनी विचारले. "तू त हेच शिकून राह्यला."

"पेटी कायले, पाटील? स्वित्झर्लंडात लोक मैदानात हात वर करतेत. ज्याच्या मनात जे हाय, ते उघड."

"तिथं थंडीनं हात वर होते का बाप्पा?" नत्थू मजूर म्हणाला. सभा हसली. किसनरावही हसले.

"बेस! तुयाच पुस्तकानं करू."

मग ते उठून उभे राहिले. "बागेजवळ पाह्यजे, त्यायनं हात वर करा," असे म्हणून त्यांनी एकेका चेहऱ्याकडे सावकाश पाहिले. नत्थूचा हात वर गेला. त्याच्या मागे इतरांचे. बायकांच्या घोळक्यात पदर सावरत एक हात उठला, अर्धाच. किसनरावांची नजर तिथे थांबली तसा पूर्ण वर झाला. तो सीताबाईंचा होता.

सभा उठल्यावर हरिदासने आईला एवढेच विचारले, "माय, तू सुद्धा?"

"तू हात खाली करून नागपूरच्या गाडीत बसशीन, बापू," सीताबाई म्हणाल्या. "मले उद्या त्याच्याच वावरात कापसाच्या पऱ्हाट्या उपटा लागते."

त्या स्विस प्रांतांत बायकांना मत नाही. सीताबाईंना होते. एवढे आम्ही पुढारलेले!

हरिदास नागपूरला परतला आणि लिहिलेली प्रकरणे त्याने बाजूला ठेवली. ज्याची भाकर दुसऱ्याच्या हाती आहे, त्याचे उघड मत कोणाचे असते, यावर लिहू द्या, अशी विनंती त्याने प्राध्यापकांना केली. "तुमचा विषय युरोप आहे, वर्धा जिल्हा नव्हे," असे उत्तर मिळाले. जुना प्रबंध खोटा वाटत होता, नव्याला परवानगी नव्हती. त्याने परीक्षेला न बसण्याचे ठरवले.

हल्ली तो सिंदीच्या एका जिनिंगमध्ये कापूस तोलतो. कामावर जाण्यापूर्वी नाल्यावरून पाण्याचे हंडे तोच आणतो. आईला आणू देत नाही. तिच्याशी बोलतोही जेमतेम. सीताबाई एकदा शाळेच्या दारात येऊन मला म्हणाल्या, "गुरुजी, त्याले म्हना, मले शिव्या दे, पन बोल." मी म्हटले. त्याने हंडे उचलले आणि नाल्याची वाट धरली. विहीर बागेजवळ झाली आहे आणि बागेला पाणी भरपूर आहे.

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळजण कुठल्या ना कुठल्या ग्रामसभेत बसता. यापुढे मत घ्यायची वेळ येईल तेव्हा उभे राहा आणि बंद पेटी मागा. पेटी येईपर्यंत मोजणी सुरू होऊ देऊ नका.