उगोचीचं पांढरं सूप

सुकट भाजल्याचा वास मालवणात आला तर कुणी मान वर करून बघत नाही. तोच वास ऑकलंडच्या माउंट रॉस्किलमध्ये आला, तेव्हा मी पायात काही न घालता मागच्या अंगणात धावले.

२०१३ साल होतं. माझा मुलगा सुशील इथे शिकायला आला आणि इथलाच झाला. नात झाल्यापासून माझ्या पुण्याहून फेऱ्या सुरू झाल्या. सून विनया नोकरीला जायची आणि मी जुईला सांभाळायची. सून गुणी आहे, पण तिच्या घरात सुकी मासळी शिजत नाही. "आई, प्लीज, भाड्याचं घर आहे. कार्पेटला वास धरला तर पुढच्या इन्स्पेक्शनला काय सांगायचं?" असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. माहेर मालवणचं आणि उतारवयात नशिबी कार्पेट!

तर कुंपणापलीकडे गॅरेजच्या दारात एक उंच, भरदार काळी बाई गॅसच्या शेगडीवर कढई ठेवून बसली होती. अंगात वृद्धाश्रमाचा निळा युनिफॉर्म, पायात रबरी चपला, इथे त्यांना जँडल्स म्हणतात. तिने माझ्याकडे पाहिलं, मी कढईकडे पाहिलं. तिने मूठभर सुकट कुंपणावरून माझ्या ओंजळीत घातली. मी तिथेच एक दाणा तोंडात टाकला आणि मला रडू आलं. आता हसायला येतं, पण तेव्हा आलं.

ती उगोची. नायजेरियातल्या अनाम्ब्रा नदीकाठची, इग्बो लोकांतली. दिवसा इथल्या म्हाताऱ्यांना अंघोळी घालायची, भरवायची, आणि सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये सूप शिजवायची. सूप म्हणजे वाटीभर पाणी नव्हे. वर चमचा उभा राहील असं दाट कालवण, आणि सोबत कुटलेल्या यामचा गोळा. याम म्हणजे आपल्या कोनफळाचा थोरला भाऊ. नवरा ऑस्ट्रेलियाला कामाला गेला तो तिकडेच रमला. एकच मुलगी, कामसी, हिने एकटीने वाढवली.

महिन्यातून एकदा ती कम्युनिटी हॉलमध्ये बायकांना आपली सूपं शिकवायची. मीही जाऊन बसायची. ती सुकटीला क्रेफिश म्हणते आणि इथे क्रेफिश म्हणजे महागातला शेवंड, लॉब्स्टर. त्यामुळे ही बाई शेवंडाची पूड करते असं वाटून अर्ध्या गोऱ्या बायका पहिल्याच दिवशी गार पडल्या होत्या. एकीने विचारलं, "मासा वगळून करता येईल का?" उगोची म्हणाली, "येईल ना. मग तुम्ही गरम पाणीच प्या." माझी तिच्याशी मैत्री त्या दिवशी पक्की झाली.

मला ती 'ममा सुशील' म्हणायची. त्यांच्यात आईला लेकराच्या नावाने हाक मारतात. मग मीही तिला 'ममा कामसी' म्हणायला लागले. त्या हाकेने ती इतकी सुखावायची, की मला वाटायचं, हिच्या लेकीने हिला फार दिवसांत आई म्हटलेलं दिसत नाही.

आणि ते खरंच होतं. कामसी शाळेत असताना डब्यातल्या सूपच्या वासावरून पोरांनी तिला इतकं पिडलं, की तिने आईच्या हातचं खाणंच सोडलं. पुढे ती डॅरेनबरोबर पुकेकोहेला राहायला गेली. तो तिथल्या कांद्याच्या शेतांवर ट्रॅक्टर चालवायचा. आईकडे यायची, गाडीची किल्ली हातातच ठेवून उभ्या उभ्या बोलायची आणि जायची. घरी कुणी पाणी विचारलं तरी नको म्हणणारी मुलगी. मी असते तर एक ठेवून दिली असती. उगोची मात्र ती आली की दर वेळी ताट वाढायची आणि ती गेली की झाकून ठेवायची.

२०१६ मध्ये कामसीला दिवस गेले. एका रविवारी आम्ही दोघी एव्हन्डेलच्या बाजारात माशांची डोकी घेत होतो, तेव्हा उगोचीचा फोन वाजला. तिने फोन ठेवला. मग म्हणाली, "कामसी म्हणते, ये. बाळंतपणाला ये. तुझं ते सूप कर."

त्यांच्यात लेकीच्या बाळंतपणाला आईने जाऊन राहण्याची रीत आहे. ओमुग्वो म्हणतात. बाळाला न्हाऊ घालायचं, लेकीचं पोट शेकायचं आणि तिला पांढरं सूप पाजायचं. त्यात पाम तेल नसतं म्हणून ते पांढरं. मासा, यामचा लगदा, मिरीसारखे तिखट दाणे आणि उडा नावाच्या काळ्या, धुरकट वासाच्या शेंगा. पोट साफ होतं आणि अंगावर दूध उतरतं. मी म्हटलं, आपल्याकडे अळीव आणि डिंक, तुमच्याकडे उडा. आईच्या लेखी सगळं एकच. कामसीने लहानपणी हे शंभरदा ऐकलं होतं, "तुझ्या वेळी माझ्या आईने हे सूप पाजलं आणि दूध असं आलं, की तुला पिऊन संपेना." तेव्हा ती कानांवर हात ठेवायची. आता तिने स्वतःहून बोलावलं होतं. उगोचीने वृद्धाश्रमातून रजा काढली, उडाच्या शेंगा कुणाकुणाकडून मागवल्या, आणि मला रोज विचारायची, "ममा सुशील, ती खाईल ना गं?" लेकीने आपल्या हातचं खावं, एवढंच त्या बाईचं मागणं होतं. ना जावयाकडून काही, ना देवाकडून.

दिवस भरत आले आणि पोटातलं बाळ हलायचं थांबलं.

कामसीला कळा आणून मोकळी केली. मुलगी होती. उगोची इस्पितळात तिच्यापाशी होती. दुसऱ्या दिवशी डॅरेन कामसीला घरी घेऊन गेला आणि ही आपल्या घरी आली. मी गेले तेव्हा ती ओट्यापाशी उभी होती. मासा काढून ठेवला होता, याम सोलून ठेवला होता आणि हात कोरडे होते.

"आमच्या गावात पाळणा रिकामा असला तर ओमुग्वो होत नाही," ती म्हणाली. "आई येते, जवळ बसते, रडते आणि जाते. सूप शिजवत नाही."

"आणि लेक उपाशी राहते?" मी म्हटलं. मला रागच आला. रीत कुणाची का असेना, बाळ गेलं म्हणून बाळंतीण बाळंतीण राहत नाही का? तिचं अंग उललेलं आहे, रक्त जातंय, कंबर धरलीय. "बाई, तिला गरम घास दे. बाकी देव आणि गाव गेले खड्ड्यात." आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

तिने पातेलं चढवलं. मासा शिजला, यामचा लगदा पडला, तिखट दाणे पडले. उडाच्या शेंगांची पुरचुंडी हातात घेऊन मात्र ती थांबली. ती का थांबली, ते मला कळलं. पाजायला बाळ नाही, तिथे दूध उतरवून काय करायचं?

"नको घालूस," मी म्हटलं.

"नाही घातलं तर पहिल्या घोटाला तिला कळेल," ती म्हणाली. "लहानपणी या शेंगांच्या वासाला ती नाक धरायची. तिला वाटेल, आईनेही मला बाळंतीण मानलं नाही." आणि तिने शेंगा ठेचून आत टाकल्या.

सुशीलने आम्हाला पुकेकोहेला सोडलं. तांबड्या मातीच्या शेतांना लागून घर होतं. डॅरेनने दार उघडलं आणि तो बाजूला झाला. कामसी सोफ्यावर पाय जवळ घेऊन बसली होती. आतल्या एका खोलीचं दार लावलेलं होतं. उगोची लेकीशेजारी बसली आणि नुसतं "न्डो, नने, न्डो" म्हणत राहिली. दुःखात सापडलेल्या माणसाला ते लोक न्डो म्हणतात, आणि लाडक्या लेकीला नने. मग तिने वाडगा भरला.

कामसीने वास घेतला. "हे तेच का?"

"तेच."

तिने वाडगा तोंडाला लावला. तिने मासा बोटांनी वेचून खाल्ला, तळाचं पुसून घेतलं आणि वाडगा परत पुढे केला. "मोअर, मम," म्हणाली. उगोची लेकीकडे बघतच राहिली, म्हणून दुसरा वाडगा मी भरला. खाऊन झाल्यावर कामसी आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "मम, माझ्या अंगाला एक काम धड करता आलं नाही. एकच तर काम होतं." उगोची तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

डॅरेनची आई मुक्कामाला येणार होती. घरात जागा नव्हती, म्हणून आम्ही परत आलो. सूपचं पातेलं मात्र उगोचीने तिथेच ठेवलं.

तिसऱ्या दिवशी मी उगोचीच्या स्वयंपाकघरात बसले होते आणि फोन आला. तिचे हात भांड्यात होते म्हणून तिने स्पीकर लावला. कामसी रडत नव्हती, ओरडत होती.

"दूध आलंय! छाती दगडासारखी झालीय, कपडे भिजतायत, आणि घरात कोणी नाहीये प्यायला! तू त्यात ते घातलंस ना? तूच सांगायचीस ना, त्याने दूध येतं? यू न्यू! माहीत होतं तुला, आणि तरी घातलंस!"

मागून डॅरेनचा आवाज येत होता. मिडवाइफ सकाळीच सांगून गेली होती, की हे सगळ्यांनाच होतं, सूपचा काही संबंध नाही. ते कामसीच्या कानात शिरत नव्हतं. आईच्या सूपवर त्या मुलीने जन्मात पहिल्यांदा विश्वास ठेवला, तो असा.

मी हातवारे करून उगोचीला खुणावत होते, सांग तिला, सांग! बाळ असो नसो, सूप असो नसो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतंच. हे तुलाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. उगोचीने हात पुसले आणि फोन तोंडाजवळ धरला.

"हो," ती म्हणाली. "मी घातलं. माझ्याच सूपने आलं."

मग कामसी थंडपणे म्हणाली, "डोन्ट कम हिअर अगेन." फोन बंद झाला.

मी तिच्यावर तुटून पडले. "अगं, हात दाखवून अवलक्षण कशाला? खोटं का बोललीस?"

ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "परवा ती काय म्हणाली, ऐकलंस ना? ते दूध तिच्या अंगाने आणलं असं मी सांगितलं असतं, तर तिने अंगालाच शिव्या घातल्या असत्या. बाळ राखलं नाही आणि दूध कुणासाठी आणलं, म्हणून. त्या अंगात तिला अजून राहायचंय, ममा सुशील. माझ्यावर चिडली तर निदान दार लावून घेता येतं."

आईचा जीव वेडा म्हणतात, पण हे वेडेपण नव्हतं. तिने पुरता विचार करून आपला हात कापून दिला होता.

बाळाला मूठमाती दिली तेव्हा उगोची स्मशानाच्या फाटकाबाहेर उभी राहिली. मी शेजारी होते. डॅरेनने एकदा मागे वळून पाहिलं. कामसीने नाही पाहिलं.

मला वाटलं होतं, राग चार महिन्यांत निवळेल. माय-लेकींचा राग तो किती टिकणार? पण ज्याला तळच नाही त्या दुःखाला एक नाव मिळालं होतं, आईचं, आणि ते नाव कामसीने सोडलं नाही. ना फोन, ना नाताळचं कार्ड. माझा व्हिसा संपला, मी पुण्याला गेले, पुन्हा आले. उगोची कामावर जायची, परक्या म्हाताऱ्यांना भरवायची. गॅरेजचं दार बंद असायचं. जुई आता शाळेत जायला लागली होती. ती विचारायची, "आजी, व्हाय डझन्ट शी कुक एनीमोअर?" मी तिला चित्र काढायला बसवायची.

२०१८ च्या हिवाळ्यात डॅरेनचा मेसेज आला. मुलगा झाला, दोघं सुखरूप. एवढाच. फोटो नव्हता. बोलावणं तर नव्हतंच. उगोचीने फोन कुंपणावरून माझ्यापुढे धरला. मी तो वाचून परत दिला.

"चल," मी म्हटलं. "सुशील सोडेल आपल्याला. आता ती आई झालीय. मी स्वतः सांगते तिला, दूध तुझ्या सूपने आलं नव्हतं. आता ते झेपेल तिला."

उगोचीने माझं मनगट धरलं. म्हाताऱ्यांना उचलून उचलून तिचे हात लोखंडासारखे झाले आहेत.

"सांगायचं नाही," ती म्हणाली. "आता तर मुळीच नाही. तिला कळलं, की आईने आपल्यासाठी हे केलं आणि आपण दोन वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं, तर ती परत स्वतःवरच उलटेल. आत्ता तिचं दूध बाळाला जातंय. जाऊ दे."

मी वचन दिलं. नाइलाजाने दिलं आणि मनातून त्या मुलीला चार शिव्याही घातल्या. वचन अजून पाळते आहे. मला ते रोज जड जातं.

पुकेकोहे काही लांब नाही, गाडीने तासभरही लागत नाही. मुलगा आता चालायला लागला असेल. उगोचीने त्याला अजून पाहिलेलं नाही.