कोऱ्या पानावरची सही

मी जन्मभर कचेरीत कारकुनी केली. वाचल्याशिवाय सही करू नका, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्यांदा सांगितलं की पुढे पुढे लोक मला पाहून वाट बदलायचे. निवृत्त झाल्यावर गावी टेकडीच्या पायथ्याशी घर बांधलं, ते बायकोच्या छातीसाठी. तिला दमा. चिखलीत आमच्या भाड्याच्या घरासमोरून दिवसभर ट्रक जायचे आणि तिचा पंप सदा उशाशी असायचा. इथे आल्यावर ती शांत झोपू लागली.

आणि त्याच टेकडीवर गिट्टीची खदान काढायला एका ठेकेदाराने अर्ज केला. सुरुंग लागणार, क्रशर बसणार, आणि टेकडी आमच्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर. कुणाला विहिरीचे झरे आटतील ही काळजी, कुणाला भिंती तडकतील ही. शाळा तर टेकडीला लागूनच. मला एकच दिसत होतं, ती धूळ आणि हिचा श्वास.

ग्रामसभेला मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. आमच्याकडची रीत अशी, की सभा सुरू होतानाच रजिस्टर फिरतं, सगळे हजेरीच्या सह्या करतात, आणि काय ठरलं ते सचिव वरच्या कोऱ्या जागेत मागाहून सवडीने लिहितो. वर्षानुवर्षं असंच चालत आलेलं. मी पहिली सही ठोकली आणि मग खदानीविरुद्ध अर्धा तास बोललो. टाळ्याही मिळाल्या. घरी आलो तो छाती फुगवूनच.

महिन्याभराने शेजारच्या गुरुजींनी ठरावाची नक्कल आणून दाखवली. खदानीला ग्रामसभेची हरकत नाही, असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आणि खाली पहिली सही माझी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी तडक सचिवाला गाठलं आणि तोंडाला येईल ते बोललो. त्याने ऐकून घेतलं.

"मले जसं सांगतलं तसं लिवलं," तो म्हणाला. "सह्या तं तुमच्याच हायेत ना, बाबूजी?"

खरा राग माझाच मला आला होता.

घरी आलो तेव्हा बायको तूर निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती निवडता निवडता थांबली.

"वाचल्याबिगर सही केली तुमी?" तिने विचारलं. मग म्हणाली, "आमी नाही केली."

आमच्या सभेच्या आदल्या दिवशी बायकांची वेगळी ग्रामसभा झाली होती. ती निघाली तेव्हा, चहा पिऊन या, असं मीच चिडवलं होतं. पण त्यांच्या बचत गटाची एक पद्धत आहे. काही जणींना वाचता येत नाही, म्हणून लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय तिथे कुणी सही करत नाही की अंगठा देत नाही. या सभेतही त्यांनी तेच केलं. एका म्हाताऱ्या बाईने तर दोनदा वाचायला लावलं. खदान नको, हा ठराव माझ्या बायकोच्या हातचा होता आणि खाली सगळ्याजणींच्या सह्या-अंगठे. ठेकेदाराच्या फायलीत मात्र फक्त आमचाच कागद लागला होता.

बायकांनी तहसीलला तक्रार दिली, तेव्हा चौकशीला तिथले साहेब आले आणि शाळेच्या ओसरीवर बसले. बायकोने फायलीतल्या आमच्या ठरावाशेजारी बायकांचा ठराव ठेवला.

"दोन्हीवर तुमच्याच घरच्या सह्या," साहेब मला म्हणाले. "खरं कोणतं धरू?"

सारा गाव समोर बसलेला. जन्मभर मिरवलेली अक्कल एका वाक्यात जाणार होती, आणि खोटं नाही सांगत, क्षणभर मी कचरलो.

"तिचं धरा, साहेब. मी कोऱ्या पानावर सही केली होती."

मागे कुणीतरी हसलं. माझे कान तापले. पण मग गुरुजी उठले, "मीबी तशीच केली," म्हणाले, आणि त्यांच्यामागून एकेक जण उठत गेला.

परवानगी नाकारल्याचं पत्र उन्हाळ्यात आलं. ते हातात घेऊन मी पायरीवर बसलो आणि चक्क रडलो. इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. बायको शेजारी येऊन बसली.

"मी भावाले सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "खदान झालीच तं मोताळ्यात एक खोली पाह्यून ठेव म्हणून."

"दोघांसाठी?"

"नाही, माह्या एकटीसाठी. तुमचा सारा जीव या घरात हाय. तुमाले कसं उठवू इथून?" तिने पदराने डोळे पुसले. "आता त्याले सांगा, नाही लागत म्हणून."

मी तिथेच बसून मोताळ्याला फोन लावला.