बेंजोवाल्या मास्तरांची सलामी

आमच्या गल्लीत डीजे आला की खिडकीच्या काचा थरथरतात आणि बायको म्हणते, "जा खाली, तुम्हाला आवडतं ना." तिला वाटतं मला दणदणाट आवडतो. मला एक माणूस आवडायचा. ते बेंजो वाजवायचे, आणि त्यांना भेटायला निघालो की दर वेळी ओळखीचं कुणी बघत नाही ना, हे मी आधी पाहायचो.

औरंगाबादेत तेव्हा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत नव्या नव्या शेड उभ्या राहत होत्या. आम्ही करमाडकडचे धनगर. वडिलांकडं मेंढरं आणि थोडं कोरडवाहू रान. मला एका कारखान्यात मशीनवर काम लागलं तेव्हा घरात पेढे वाटले, कारण महिन्याचा पगार हा आमच्याकडं नवाच प्रकार होता. मी मुकुंदवाडीत खोली घेतली. संध्याकाळी रुळापलीकडच्या वस्तीत एका बेंजो पार्टीचा सराव चालायचा. हातगाडीवर अँप्लिफायर, दोन भोंगे, शेजारी ढोल-ताशेवाले आणि मधे मास्तर. पस्तिशीचे, किडकिडीत. डाव्या हातानं बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या प्लास्टिकच्या नखीनं तारा छेडायच्या, हे ते इतक्या सहज करायचे की दुसऱ्याला वाटावं आपल्यालाही येईल.

कुठंही वाजवण्याआधी ते सलामी वाजवायचे. एप्रिलमध्ये ती वस्ती ज्यांची जयंती थाटात साजरी करायची, त्यांना वंदन म्हणून. दोन-तीन मिनिटांची संथ धून. ढोल गप्प, ताशा गप्प, नुसत्या तारा. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी पाळीवरून परतत होतो, हातात डबा. डोळ्यांत पाणी आलं आणि मी चपापून इकडंतिकडं पाहिलं. ओळखीचं कुणी नव्हतं.

महिनाभर मी लांब उभा राहूनच ऐकलं. शेवटी त्यांनीच हाक मारली. "पाव्हणं, रोज उभं राहून पाय दुखत नाहीत व्हय? या, बसा." मी बसलो. त्यांची नखी लवकर झिजायची, म्हणून पुढच्या आठवड्यात कारखान्यातल्या भंगारातला नायलॉनचा तुकडा घासून मी त्यांना दोन नख्या करून दिल्या. गेटवरून त्या खिशात घालून बाहेर पडताना मी मान वर केली नव्हती. मास्तरांनी एक नखी लावून पाहिली, मान डोलावली आणि माझ्यासाठी चहा सांगितला. त्या रात्री मला आनंदानं झोप आली नाही.

पण दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून घरोघर भांडणं. खेड्यांतल्या वस्त्या जाळल्याच्या बातम्या ऐकलेल्या. वस्तीत सगळे नामांतराच्या बाजूनं जीव टाकायला तयार, आणि माझ्या गावात तो विषय निघाला की माणसांच्या कपाळाच्या शिरा ताठ व्हायच्या. मी दोन्हीकडं मान हलवायचो. कंपनीच्या कँटीनमध्ये कुणी विचारलं की तोंडात भाकरीचा मोठा घास घालायचो. मी जन्माचा भित्रा. त्याला मी समजूतदारपणा म्हणत असे.

अशात बहिणीचं लग्न ठरलं आणि माझी जीभ घसरली. "मास्तर, नवरदेवाचा परण्या निघंल तवा तुमीच पाहिजेत." लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेतात, तो आमच्याकडं परण्या. मास्तरांनी सुपारी घेतली. गावी जाऊन सांगितलं तर चुलत्यांनी कातरायला घेतलेली सुपारी खाली ठेवली. मग म्हणाले, "येऊ दे. पण त्यांचं ते पयलं वाजवायचं नाय. मारुतीम्होरं तर नायच. लगीन हाये, उगं डोकी फुटायची. त्याला आधीच सांगून ठिव."

"सांगतो," मी म्हणालो.

हातात आठ दिवस होते. रोज संध्याकाळी सांगायचं ठरवून निघायचो आणि चहा पिऊन परत यायचो. सांगितलं तर ते येणार नाहीत, आणि पुन्हा मला जवळ बसवणार नाहीत. नाही सांगितलं तर गावात काय होईल, ते डोळ्यांपुढून हलत नव्हतं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. एकदा बोलायला तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर तारा कुठून आणता.

लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनीच विचारलं, "गाव कसं हाये, पाव्हणं?"

"चांगलं हाये," मी म्हणालो.

त्यांनी नखी काढून खिशात ठेवली. "मंग फाट्यावर या आम्हाला घ्यायला. रस्ता ठाव नाय."

दुसऱ्या दिवशी फाट्यावर मी गेलो नाही. चुलतभावाला सायकलवर पाठवलं, तेही उशिरा. टेम्पो गावात शिरला तेव्हा चुलते मारुतीपुढं हाताची घडी घालून उभे होते, बरोबर चार-पाच जण. मास्तरांनी गळ्यात पट्टा अडकवला, नखी लावली. आता ती धून सुरू होणार, असं वाटून मी डोळे मिटले.

सुरू झालं ते सिनेमातलं नाचायचं गाणं. ढोल दणाणला, पोरं उड्या मारायला लागली, चुलत्यांची घडी सुटली. आणि मी नाचलो. लाज वाटते सांगायला, पण इतका मोकळा मी आयुष्यात कधी नाचलो नाही.

जेवणाच्या वेळी पार्टीची पंगत वेगळी, गोठ्याच्या बाजूला बसवली होती. वाढायला मी स्वतः गेलो. मास्तरांच्या ताटात भात वाढताना म्हणालो, "मास्तर, मला तुम्हाला एक सांगायचं व्हतं, पण..."

"सलामीचं ना?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "काल तुमच्या तोंडावरनंच कळलं. ती झाली. फाट्यावर टेम्पो थांबवला, ज्वारीच्या कडंला उभं राहून वाजवून घेतली. त्याबिगर हात चालत नाय आमचा." त्यांनी भातावर वरण घेतलं. "तुमाला लई आवडती म्हणून वाट बघितली. तुमी येताल वाटलं."

मी म्हणालो, मांडवात पाण्याचा टँकर आला नव्हता, त्या धावपळीत होतो.

"व्हय, लग्नघर हाये," असं म्हणून ते जेवू लागले.

टँकर पहाटेच आला होता. मी घराच्या ओट्यावर बसून होतो, टेम्पोचा आवाज येतोय का ते ऐकत.