ताईच्या पायथ्याची वीट

अकोल्याहून भाच्याचा फोन आला, तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाला अस्तराचं कापड फाडून देत होतो. महेश एवढंच म्हणाला, "मामा, आई गेली." मी फोन ठेवला, कापड पूर्ण फाडलं, घडी घालून गिऱ्हाइकाच्या हातात दिलं आणि मग खाली बसलो. त्याला आता दीड महिना होत आला. एवढ्या दिवसांत भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच ऐकवलं, की इतकं पथ्य पाळणारी बाई, जराशा निष्काळजीपणाने गेली... आणि मी दर वेळी मान डोलावली.

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण सुमन, आमच्या संग्रामपुरातच ब्लाउज शिवायची. नवरा लवकर गेला. महेशला तिने पायमशीनवर वाढवलं, आणि तो पुण्यात नोकरीला लागला तरी मशीन काही सोडली नाही. घाई करणाऱ्या बायकांना ती मान वर न करता म्हणायची, "इतकीच घाई हाये तं साडीलेच गाठ मार बाई." बाया हसायच्या आणि मुकाट्याने थांबायच्या.

साखरेचा आजार तिला पन्नाशीच्या आतच निघाला. तेव्हापासून बिनसाखरेचा चहा, सकाळी कारल्याचा रस, मेथीची भुकटी, वेळच्या वेळी गोळ्या. संक्रांतीला कुणी तिळगूळ पुढे केला की म्हणायची, "तुमी खा बाप्पा, माया तोंडाले कुलूप हाये." आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा. आमच्या घरात मधुमेह हा जिभेचा आजार होता, जीभ सांभाळली की सगळं सांभाळलं. म्हणून पायातून चप्पल निसटलेली कळत नाही, असं ती एकदा सांगू लागली तेव्हा मी ते वयावर ढकललं. तळव्यांना मुंग्या येतात म्हणाली, तर दिवसभर बसून शिवतेस म्हणून येतात, असं मीच तिला समजावलं. पुढे पुढे ती मशीनच्या पायपट्टीवर पाय ठेवताना वाकून खाली बघायची, पाय नेमका कुठे पडलाय ते. डॉक्टरांकडे मात्र हे कधी बोलली नाही. साखरेच्या डॉक्टरला पायाचं काय सांगायचं, असंच आम्हा दोघांना वाटायचं.

यंदा पौषात सातपुड्याकडून फार बोचरं वारं सुटलं होतं. आमच्याकडे अशा थंडीत म्हाताऱ्या माणसांच्या पायथ्याशी चुलीत तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून ठेवतात. त्या संध्याकाळी ताईकडे गेलो, तर ती पाय गार पडले म्हणून गोधडीत बसलेली. मी वीट तापवली, जाड फडक्यात गुंडाळली आणि तिचे तळवे त्यावर टेकवले. थोड्या वेळाने म्हणाली, "काही लागूनच नाही राह्यलं रे. तुयी वीट तं थंडगार हाये. अजून तापव जराशी."

मी पुन्हा निखाऱ्यांत घातली. या वेळी फडक्याची एक घडी कमी केली. पायाखाली सरकवताना माझा हात विटेला लागला आणि चटका बसून झटकन मागे आला. तिचा पाय मागे आला नाही... हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि मला त्यातलं काहीही कळलं नाही. "आता बरं वाटून राह्यलं," ती म्हणाली. बहिणीची सेवा घडली, अशा समाधानात मी घरी गेलो.

सकाळी तळव्याला मोठा फोड होता. दुखत नाही म्हणून तिने हळद भरली आणि शिवायला बसली. दुखत नाही म्हणून मीही थांबलो. आठवड्याभरात ताप चढला, पायाला वास येऊ लागला, तेव्हा तिला अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि विचारलं, हा भाजलेला पाय आहे, साखरेच्या पेशंटला शेक कोणी दिला? महेश पुण्याहून येऊन शेजारीच उभा होता. मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "मीच घेतला साहेब. घरी कोणी नव्हतं."

डॉक्टर चिडून समजावत राहिले. साखरेने पायाची जाणीव मरते, अशा पायाला कधी शेक द्यायचा नसतो, गार-गरम हातानेच पाहायचं असतं, तळवे रोज तपासायचे असतात. मी सगळं ऐकलं आणि औषधांची चिठ्ठी घेऊन बाहेर पडलो.

पाय गुडघ्याखाली काढला. जखमेचं विष तरीही वर चढतच गेलं. शेवटच्या भेटीत मी तिला म्हणालो, की आता महेशला खरं सांगून टाकतो. तिने माझं मनगट धरलं. "नको सांगू. तो तुयाशी बोलनं सोडंन. माया मागं त्याले मामाच हाये ना रे."

म्हणून सांगितलं नाही. पण तेराव्याला चार लोकांत महेश बोलून गेला, की आईने स्वतःच्या हाताने जीव घालवला, विचारायचं तरी होतं कुणाला. ते मला ऐकवेना. दुसऱ्या दिवशी त्याला बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टरनं विचारलं तेव्हा काऊन नाही बोलले?" ताईच्या घराची किल्ली माझ्या हातात ठेवून तो पुण्याला गेला, आणि आता माझा फोन उचलत नाही. मला जपायला ताई खोटं बोलली, आणि ते खोटंही मी धड सांभाळू शकलो नाही. गावात अजूनही तिलाच निष्काळजी म्हणतात, म्हणून हे लिहितो आहे. यानं तिचं काही परत येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

भावंडांनीही तपासून घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते. माझीही साखर वाढलेली निघाली. रोज तळवे बघायला सांगितलंय. मला वाकून दिसत नाही, म्हणून सकाळी दुकान उघडण्याआधी ताईचं घर उघडतो. बाया नवं ब्लाउज घालून ज्या आरशात फिटिंग बघायच्या, तो भिंतीवरून उतरवून फरशीवर ठेवतो आणि एकेक पाय त्याच्यासमोर धरतो. दोन्ही तळवे धड असतात, कोरडे, एकही डाग नाही. तरी मी बराच वेळ बघत बसतो.