टेबलाखाली शिरा

पत्रक लिहायला मी पुण्यात शिकले, कॉलेजच्या संघटनेत. नियम एकच होता: वाक्य छोटं, क्रियापद आज्ञार्थी. या, सही करा, मागे हटू नका. त्याच हातानं मी जपानमध्ये भूकंपाचं पत्रक लिहिलं. त्यातल्या दुसऱ्या ओळीबद्दल मला सांगायचं आहे.

तिथे राहायला आल्यावर मी दर शनिवारी परदेशी लोकांच्या एका मदत केंद्रात जायचे. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना अजून त्याच रस्त्यानं स्टेशन गाठावं लागतं. तळमजल्यावर एक लांबट खोली, सहा टेबलं, मागे चिमुकलं स्वयंपाकघर आणि त्यातून पार्किंगमध्ये उघडणारं दार. वॉर्ड ऑफिसचे फॉर्म भरून द्यायचे, शाळेची पत्रं वाचून दाखवायची, कुठला कचरा कुठल्या वारी ते समजवायचं.

एक मराठी काकू तिथे जपानी शिकायला यायच्या. काका आयटीत, मुलगी तेरा वर्षांची, इथेच वाढलेली. मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देणार. "घरात मला दुभाषी लागतो," काकू म्हणायच्या, "म्हणून आले."

केंद्रानं भूकंपाच्या सूचना निरनिराळ्या भाषांत करायला घेतल्या, मराठी माझ्याकडे आली. मी भिंतीवर कागद चिकटवला आणि काकूंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला. "बाहेर पळू नका. टेबलाखाली शिरा." मग माझ्याकडे वळून, "काय गं, टेबलाखाली शिरा? मग टेबलावर काय, उपमा?"

"काकू, शिरा म्हणजे आत जा."

"ते कळतंय मला. 'टेबलाखाली बसा' लिही की सरळ."

"बसा म्हटलं की आपली माणसं आरामात बसतील. शिरा म्हटलं की घाई कळते."

"बरं बाई. पुण्याची तू, ऐकणार थोडीच."

त्यानंतर ते वाक्य केंद्रात सगळ्यांच्या तोंडी बसलं. काकूंनी शेजारच्या टेबलावरच्या नेपाळी बाईला विनोद हिंदीत समजावला. सप्टेंबरात सराव घेतले तेव्हा मी शिट्टी वाजवली की काकू "शिरा, शिरा" करत सगळ्यांना खाली ढकलायच्या आणि स्वतः शेवटी वाकायच्या. "माझे गुडघे आणि तुझी क्रांती," असं पुटपुटत टेबलाचा पाय धरायच्या. पाय धरायचं तिसऱ्या ओळीत होतं. वाक्य पाठ झालं म्हणून मी खूश होते. पत्रकाचं याहून मोठं यश काय असतं?

त्या शनिवारी मी कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानात, कॉपी काढायला गेले होते. परत आले तर रस्त्यावर पिवळी फीत आणि ढाली घेतलेले पोलीस. आत एक माणूस शिकारीची बंदूक घेऊन गेला होता. त्याच्याबद्दल मी लिहिणार नाही. त्याची सुटलेली नोकरी, त्याचं एकटेपण, सगळं वर्तमानपत्रांनी पानभर लिहिलं. मेलेल्या चौघांचं वर्णन दोन शब्दांत आटोपलं: परदेशी नागरिक.

मी फितीपाशी जाऊन पोलिसाला सांगितलं, मागे दार आहे, स्वयंपाकघरातून. आत माझी माणसं आहेत. मला भाषा येते, मला विचारा. तो म्हणाला, मागे सरका. मी परत सांगितलं. तो म्हणाला, तुमचं रहिवासी कार्ड दाखवा. मी दाखवलं. त्यानं दोन्ही बाजूंचे फोटो काढले. मागच्या दारानं सुटलेली दोन उझबेक मुलं पार्किंगमध्ये उकिडवी बसवली होती, एकाच्या पायात बूट नव्हता, आणि त्यांचीही कार्डं तपासणं चाललं होतं. आत गोळ्यांचा आवाज केव्हाच थांबला होता. ढाली जागच्या हलल्या नाहीत. पाऊण तास. नंतर टीव्हीवर एक साहेब वाकून म्हणाले, सगळं नियमाप्रमाणे झालं. नियम कुणासाठी लिहिले होते, ते कुणी विचारलं नाही.

पोलिसांवर मी तीन पत्रकं काढली. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण त्यांच्यावर लिहीत होते तोवर मला दुसऱ्या एका ओळीचा विचार करावा लागत नव्हता.

ती ओळ माझ्यापर्यंत त्या नेपाळी बाईनं आणली, दवाखान्यात, तिच्या हाताला बँडेज असताना. बाहेरून पहिला बार झाला तेव्हा ट्यूबलाइट खाली आली, खिडक्या थरथरल्या. सगळ्यांना वाटलं, भूकंप. काकू ओरडल्या, शिरा. सगळी खाली गेली. काकू शेवटी वाकल्या आणि टेबलाचा पाय धरला. मग तो माणूस पुढच्या दारातून आत चालत आला, आणि त्यांचं टेबल पहिलं होतं. पळाली ती दोन उझबेक मुलंच. त्यांच्या भाषेतलं पत्रक अजून झालं नव्हतं.

चौदा दिवस मी काकूंच्या घरी डबा घेऊन जात होते. काका कामावर जायला लागले होते, घरी बसवत नाही म्हणाले. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. एका दुपारी मुलीनं विचारलं, जपानीत, भांडी पुसता पुसता.

"ताई, आई पळाली का नाही? तिथे मागे दार होतं ना?"

कुणालाच कळत नाही गं, असं म्हणता आलं असतं. मोठी माणसं असंच म्हणत होती. मी पिशवीतून तो कागद काढला, भिंतीवरचाच, कोपऱ्यांना चिकटपट्टी असलेला. म्हटलं, "हे मी लिहिलं होतं. आईला पाठ होतं. म्हणून नाही पळाली."

तिला मराठी वाचायला काकूंनीच शिकवलं होतं, ती बोट ठेवून वाचते. पहिली ओळ वाचली. दुसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"शिरा?" ती मराठीत म्हणाली. "तो गोड?"

"दोन अर्थ आहेत. इथे, आत जा."

तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "आई हसली असेल."

"हसली होती. बदल म्हणाली होती. मी बदललं नाही."

"शाळेत पण हेच सांगतात," ती म्हणाली, पुन्हा जपानीत. माझी समजूत घालायला म्हणाली नाही. तपासून बघत होती. मग विचारलं, "दार किती लांब होतं?"

मी आधीच मोजून आले होते. "सहा पावलं."

तिनं फडकं खाली ठेवलं. टेबलाला पाठ लावून उभी राहिली आणि चालायला लागली, आईच्या चालीनं, छोटी छोटी पावलं टाकत. त्यांचं स्वयंपाकघर लहान आहे. चौथ्या पावलाला भिंत लागली. तिथे भिंतीकडे तोंड करून ती उभी राहिली.