रफ वहीतली ओळ

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट मोजायचे आणि इतरांनी भरलेले तक्ते तपासायचे, हे माझं काम. प्रत्यक्ष न मोजता भरलेला तक्ता मला लगेच ओळखू येतो, कारण त्यात सगळं बरोबर असतं. खरं मोजणाऱ्याचे आकडे थोडे इकडेतिकडे होतातच.

मुलाची पत्रं वाचताना मला तेच खटकायला लागलं.

मुलगा नऊ वर्षांचा. जूनमध्ये आम्ही त्याला मोशीच्या पुढे, चाकण रस्त्याला लागून असलेल्या मुलांच्या निवासी शाळेत घातलं. शाळा नवीकोरी, भिंतींना अजून रंगाचा वास, पण परंपरा मात्र थेट विलायतेतल्या. संस्थापक तरुणपणी तिकडच्या एका जुन्या शाळेत शिकवायला होते. तिथलं सगळं त्यांनी उचलून आणलेलं. चार गट, चार रंगांचे टाय, जेवणाआधी उभ्याने प्रार्थना, जेवणानंतर पाऊण तास सक्तीने पडून राहणं. सभागृहात हुशार मुलांच्या नावांचा सोनेरी अक्षरांतला फळा, त्यावर नावं तीनच. बाकीची जागा पुढच्या शंभर वर्षांसाठी ठेवली असावी. आज मी थट्टा करतोय, पण प्रवेशाच्या दिवशी हे सगळं ऐकताना माझी छाती फुगली होती. माझ्या वडिलांनी पिंपरीत भट्टीसमोर उभं राहून, पोटाला चिमटा घेऊन मला शिकवलं. त्यांचा नातू टाय लावून जेवायला बसणार, याचंच मला अप्रूप.

दिवाळीपर्यंत भेट नाही, फोन नाही. त्याने मूल रुळत नाही म्हणे. फक्त दर रविवारी सगळ्या मुलांनी एकत्र बसून घरी इंग्रजीत पत्र लिहायचं, ही विलायतेतली सगळ्यांत जुनी रीत.

पत्र बुधवारी आमच्या रहाटणीच्या घरी यायचं. मी मजेत आहे, आमचा गट सामना जिंकला, जेवण छान असतं. अक्षर मोत्यासारखं, खाडाखोड नाही. बायको पत्र दोनदा वाचून कपाटात ठेवायची. माझं मात्र कशात लक्ष लागेना. हे पोर घरी एक ओळ लिहिताना दोन ठिकाणी खोडायचं. सहावं पत्र आलं तेव्हा मी सहाही पत्रं ओट्यावर शेजारी शेजारी मांडून बसलो. तो काही तुमचा पार्ट नाही, असं बायको म्हणाली, आणि मग तीही वाकून बघायला लागली.

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. गाडी काढली आणि शाळा गाठली. पत्रांचं काम एका वयस्क, मवाळ मास्तरांकडे होतं. मुलांनी आधी रफ वहीत लिहायचं, मास्तरांनी तपासायचं, मग स्वच्छ कागदावर उतरवायचं, असं त्यांनी समजावलं. घरच्यांना घोर लागेल असं पत्रात काही जाऊ नये, ही तिकडचीच पद्धत. मी वही मागितली. त्यांनी जरा घुटमळत दिली.

प्रत्येक रविवारी एक ओळ लाल रेघेने खोडलेली होती. सहाही वेळा तीच.

'पप्पा, या आठवड्यात तुमची कुठली शिफ्ट आहे? वरच्या खिडकीतून मला कंपन्यांच्या बसेस दिसतात.'

मास्तर म्हणाले, "कामाची माणसं तुम्ही. तुम्हाला उत्तर लिहावं लागेल असं कशाला विचारायचं, म्हणून खोडलं. झोपायच्या तासाला खिडकीशी उभा राहतो, त्याबद्दल दोनदा शिक्षाही झालीय त्याला."

मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. पण उत्तर लिहावं लागेल, हे शब्द मलाच लागले. पोर शाळेत गेल्यापासून मी त्याला एक ओळ लिहिली नव्हती. आपलं इंग्रजी बेताचं, मास्तर वाचणार, हसं होईल, एवढंच माझ्या डोक्यात. पत्रातला दोष हुडकायला मात्र मी तातडीने हजर.

तिथेच कागद मागून घेतला आणि मराठीत लिहिलं. सेकंड शिफ्ट आहे, आमच्या कंपनीची बस सव्वादोनला शाळेसमोरून जाते, मी हात बाहेर काढीन. येणारी पत्रंही आधी मास्तर वाचत. त्यांनी माझं वाचलं, लाल पेन्सिल टेबलावर ठेवली आणि उद्या त्याला पडून राहायला कुणी सांगणार नाही, असं म्हणाले.

शाळेसमोर ट्रॅफिक रोज तुंबतं. आजवर मी त्या जागेला मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. शुक्रवारी बस तिथे थांबली तेव्हा मी खांद्यापर्यंत हात बाहेर काढला. वरच्या खिडकीत तो उभा होता, टाय नीट, हात शाळेने शिकवल्यासारखे मागे बांधलेले. मग त्याने एक हात सोडवून वर केला. बस हलली तरी मला हात आत घेववेना.

बुधवारी पत्र आलं. पहिल्यांदाच मराठीत, मास्तरांनी हात न लावलेलं, चुकांनी भरलेलं. पुढच्या आठवड्याची शिफ्ट विचारली होती. खाली आणखी दोन ओळी होत्या. त्या वाचून मी बायकोसमोर रडलो.

'तुम्ही मला याच्या आधीपण दोनदा दिसला होता. तुम्ही काचेला डोकं लावून झोपला होता, म्हणून मी हाक मारली नाही.'